‘प्लेंटिव्ह’ : ऐकू येणारं दुःख

प्रश्न असा आहे : एका इंग्रजी कथेत ‘प्लेंटिव्ह क्राय’ असे शब्द आले, कोशात ‘शोकपूर्ण, दुःखी’ हा अर्थ मिळाला. मग ‘सॅड’च्या जागी हा शब्द वापरून ‘आय ॲम फीलिंग प्लेंटिव्ह’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘सॅड’ माणूस असतो, बातमी असते, शेवट असतो. ‘प्लेंटिव्ह’ हे मुख्यतः आवाजाचं विशेषण आहे. मांजराच्या पिल्लाचं म्यावणं, अंधारात एकट्या पडलेल्या मुलाची हाक, ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्याचा सूर, एखादी संथ धून यांना ते सहज शोभतं. ‘प्लेंटिव्ह कुक्कू’ नावाचा पक्षीही आहे, आणि त्याला हे नाव मिळालं ते त्याच्या सुरावरून. मनात कोंडलेलं दुःख कितीही खोल असो, ते प्लेंटिव्ह होत नाही. ते बाहेर पडावं लागतं आणि कुणीतरी ऐकावं अशी आस त्यात असावी लागते. ‘प्लेंटिव्ह लुक’ असंही लिहितात खरं, पण तिथे नजरच काहीतरी मागत असते.

ही आस शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिनमध्ये ‘प्लांगेरे’ म्हणजे आघात करणं, आणि त्यावरून छाती पिटून शोक करणं. आपण ऊर बडवणं म्हणतो ते हेच. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये विलाप किंवा गाऱ्हाणं या अर्थाचा शब्द आला, आणि त्याचं विशेषण इंग्रजीत गेलं. गंमत पुढे आहे. कोर्टातला वादी, म्हणजे ‘प्लेंटिफ’, हा मूळचा हाच शब्द. कायद्याच्या भाषेत शेवटचा ‘फ’ टिकला, एरवी ‘व्ह’ रुळला आणि एका शब्दाचे दोन झाले. ‘कम्प्लेन’ही याच घरातला. आता आपली ‘फिर्याद’ पाहा. फारसीत ‘फर्याद’ म्हणजे आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. मराठीत तिचा कायद्यातला अर्थच ठळक झाला. दोन्हीकडे रडणाऱ्याचा आवाज न्यायालयाच्या दारापर्यंत पोचला, हे मला फार विलक्षण वाटतं.

मराठीत याला एकच प्रतिशब्द देऊन भागत नाही. सगळ्यात जवळचा ‘आर्त’. गीतेच्या ७व्या अध्यायात भक्तांचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यातला पहिला आर्त : संकटात सापडून देवाकडे वळलेला. म्हणजे ऐकणारा कुणीतरी इथेही गृहीत आहे. पण ‘आर्त’मध्ये तीव्रता जास्त. प्लेंटिव्ह आवाज पुष्कळदा बारीक, दबका असतो. हाक ऐकली जाईलच अशी खात्री त्याला नसते. म्हणून जखमी जनावराच्या ओरडण्याला मी ‘आर्त’ म्हणेन, पण बासरीच्या धुनेला ‘करुण’ किंवा ‘व्याकूळ’. ‘केविलवाणा’ जपून वापरावा, कारण त्यात पाहणाऱ्याची कीव मिसळते. ‘शोकपूर्ण’ मात्र टाळाच. तो शब्द मृत्यूच्या बातमीकडे नेतो, आणि प्लेंटिव्ह होण्यासाठी कुणी मरावं लागत नाही. खेळायला घेतलं नाही म्हणून मुलाने विचारलेला प्रश्नसुद्धा प्लेंटिव्ह असू शकतो.

संवादानंतर ‘प्लेंटिव्हली’ असं क्रियाविशेषण आलं की अनुवादक हमखास अडतात. तिथे ‘शोकाकुलपणे’सारखं काही घडवत बसू नये. ‘“मी पण येऊ?” त्याने काकुळतीला येऊन विचारलं’, किंवा मूल अगदी रडकुंडीला आलेलं असेल तर ‘रडवेल्या सुरात विचारलं’, एवढं पुरतं. ‘रडक्या’ नको, त्यात बोलणाऱ्याविषयीचा वैताग येतो, आणि त्या छटेसाठी इंग्रजीत ‘व्हायनी’ हा वेगळा शब्द आहे. कथेतल्या ‘प्लेंटिव्ह क्राय’ला तुम्ही ‘आर्त हाक’ म्हणा. हाक मारणारं माणूस नसून पक्षी असेल, तर ‘करुण साद’ जास्त बरी.