दापोलीच्या कौलारू घरात थंडीत म्हाताऱ्या आईला कमी खर्चात ऊब कशी द्यावी?

हीटर घेण्याआधी वारा अडवा. पहाटेचा गारठा कौलं आणि भिंतीमधल्या फटीतून उतरतो, तेव्हा आईंच्या खाटेवर जुन्या जाड चादरीचं छत बांधा. खाट जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब घ्या. गादीखाली घोंगडी हवीच. अंगावरच्या दुसऱ्या गोधडीपेक्षा तिचा उपयोग जास्त. दुपारी मात्र खिडक्या सताड उघडा, अंथरूण उन्हात टाका. ओल राहिली की बुरशी धरते आणि दमा उठतो.

जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश राखायला सांगते, म्हाताऱ्यांना त्याहून जरा जास्तच बरं.

आणि कृपा करून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. शेकायचं तर पडवीत.