'प्रे' बघण्याआधी: जुने भाग, भाषा आणि १७१९ सालचा इतिहास

प्रश्न दोन आहेत: 'प्रे' (२०२२) हा परग्रहावरच्या शिकाऱ्याच्या 'प्रेडेटर' मालिकेतला चित्रपट बघायला आधीचे 'प्रेडेटर' बघावे लागतात का, आणि त्यातला १७१९चा काळ कितपत खरा आहे?

पहिल्याचं उत्तर सोपं. नाही लागत. कालक्रमाने ही गोष्ट १९८७ आणि १९९०च्या चित्रपटांच्या कितीतरी आधीची आहे. एकच धागा मागे जातो. 'प्रेडेटर २'च्या शेवटी परग्रहावरचा म्होरक्या नायकाच्या (डॅनी ग्लोव्हरच्या) हातात एक जुनं पिस्तूल ठेवतो, त्यावर 'राफाएल अडोलिनी १७१५' असं कोरलेलं असतं. तेच पिस्तूल इथे नारूच्या, म्हणजे 'प्रे'च्या कोमांचे नायिकेच्या हाती येतं (कोमांचे ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात). तेवढा एक प्रसंग आधी बघितला तरी पुरे.

भाषेचा पर्याय मात्र विचार करून निवडा. मूळ संवाद इंग्रजीत आहेत, अधूनमधून कोमांचे शब्द येतात. शिवाय संपूर्ण कोमांचे डबिंगही उपलब्ध आहे आणि त्यात मूळ कलाकारांनीच आवाज दिले आहेत. पहिल्यांदा इंग्रजीत बघा, कारण कृती वेगवान आहे आणि उपशीर्षकं वाचताना मागची हालचाल निसटते. दुसऱ्यांदा कोमांचेत बघाच. अंबर मिडथंडरची नारू तिथे जास्त खरी वाटते. फ्रेंच शिकाऱ्यांच्या बोलण्याला उपशीर्षकं दिसली नाहीत तर सेटिंग बिघडलंय असं समजू नका. नारूला फ्रेंच कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळू दिलेलं नाही. आणि दिवसाउजेडी मोबाईलवर बघू नका. जळक्या जंगलातला, राख आणि धुक्यातला प्रसंग छोट्या पडद्यावर नुसता करडा दिसतो.

(इथून पुढे शेवट उघड होतो.)

दिग्दर्शक डॅन ट्रॅक्टेनबर्गचं मला सर्वात आवडलेलं काम म्हणजे प्रत्येक हत्याराचा नियम तो आधी दाखवतो आणि मगच ते वापरतो. प्राण्याला, म्हणजे परग्रहावरच्या त्या शिकाऱ्याला, शरीराची उष्णता दिसते. नारू फ्रेंच टोळीतल्या जखमी राफाएलला (पिस्तुलावर नाव आहे तोच) रक्त थांबवायला केशरी फुलाचं औषध देते, त्याचं अंग थंड पडतं आणि प्राणी शेजारी येऊनही त्याला ओळखत नाही. प्राण्याचे बाण मुखवट्यातल्या लाल ठिपक्यांच्या मागे जातात. म्हणजे मुखवटा ज्याच्याकडे, नेम त्याचा. दलदलीत नारू सुरुवातीला स्वतः रुतते, म्हणून ती जागा तिला नेमकी माहीत असते. फूल, मुखवटा, दलदल, या तिन्हींचा हिशोब शेवटच्या झुंजीत जुळतो. तिच्याकडे प्राण्यापेक्षा वरचढ हत्यार एकही नसतं, पण निरीक्षण असतं.

पिस्तूल ठासणीचं, चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारं आहे. नळीत दारू, मग गोळी, गजाने ठासणं, कान्यात (नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीत) रंजक, म्हणजे पेटवायची दारू, घोडा मागे ओढणं, आणि एवढं सगळं एकाच बारासाठी. दारू ओली झाली की तोही नाही. फ्रेंच टोळी संख्येने मोठी असूनही का कापली जाते, ते यातून कळतं: पहिली फैर चुकली की पुढची भरायला वेळच मिळत नाही.

आता इतिहास. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून घेऊन आले, तेच हे साल. चित्रपट कोमांचेंना उत्तरेकडच्या मैदानांत दाखवतो आणि त्यांच्या शिकारी पायी चालतात. इथे माझा आक्षेप आहे. १६८०च्या प्वेब्लो उठावानंतर (न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध केलेल्या बंडानंतर) स्पॅनिश घोडे मैदानी जमातींत झपाट्याने पसरले, १७०६पर्यंत कोमांचेंचं नाव न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश कागदपत्रांत आलं होतं, आणि नेमक्या १७१९ मध्ये तिथला गव्हर्नर वाल्वेर्दे त्यांच्यावर व युटे जमातीवर मोहीम घेऊन निघाला होता. म्हणजे तोवर ते दक्षिणेकडे सरकलेले, घोडेस्वार लोक होते. कातडी सोलून टाकलेल्या बायसनचं मैदानही काळाच्या पुढचं आहे. कातड्यांसाठीची ती सरसकट कत्तल १८७०च्या दशकातली.

उलट वस्ती, कपडे, अवजारं आणि औषधी यांवर मेहनत दिसते. निर्मात्यांपैकी जेन मायर्स स्वतः कोमांचे वंशाच्या आहेत, त्याचा हा फायदा.

श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका. कातड्यावर रंगवल्यासारख्या चित्रांत सगळी गोष्ट पुन्हा येते आणि शेवटी आकाशातून यानं उतरताना दिसतात. पिस्तूल नारूच्या वस्तीतून पुन्हा त्या परग्रहवासीयांकडे कसं गेलं असेल, याचा चित्रपटातला एकमेव इशारा तिथेच आहे.