विषारी बेडूक आणि हुशार पाणउंदीर

प्रश्न : ऑस्ट्रेलियात उसावरचे भुंगेरे खायला आणलेला केन टोड विषारी आहे. मग तिथले शिकारी प्राणी तो खातात कसा?

उत्तर : बहुतेकांना ते जमत नाही. १९३५ मध्ये हवाईहून क्वीन्सलंडमध्ये आणलेल्या या बेडकाच्या खांद्यांवर विषाच्या मोठ्या ग्रंथी असतात. घोरपडी आणि क्वोल (पोटाला पिशवी असणारे छोटे मांसाहारी प्राणी) त्याला थेट तोंडात धरतात नि जिवाला मुकतात. राकाली हा पाणउंदीर मात्र छातीला छोटा छेद देतो, विषारी पित्ताशय बाजूला काढतो आणि फक्त हृदय, यकृत खातो. किती नेमकं काम! कधी मांडीची कातडी सोलून आतलं मांसही. क्वोलांना वाचवायला टोडच्या मांसात मळमळ आणणारं थायाबेंडाझोल हे औषध मिसळून आधीच चाखवतात. एकदा पोट ढवळलं, की बरेच जण टोडच्या वाटेला जात नाहीत.