एनँशिओमर, पण कुणाचा?

दादरच्या एका क्लासमध्ये बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलांसाठी त्या टिपणं काढत आहेत. एनँशिओमरला 'प्रतिबिंब समघटक' लिहिलं तर चालेल का, आणि डायास्टिरिओमरला मराठीत काय म्हणायचं, असं त्या विचारतात. दोन्ही नावं अणूंची जोडणी सारखी पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेल्या रेणूंची: पहिले एकमेकांची आरशातली प्रतिमा असूनही एकमेकांवर न बसणारे, दुसरे एकमेकांची प्रतिमाही नसलेले.

'समघटक' म्हणजे अणू तेच पण रचना वेगळी असलेले रेणू, इंग्रजीत आयसोमर. त्यावर वेळ घालवत नाही, शब्द उत्तम आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं १८३०च्या सुमारास 'आयसोमर' घडवला तो ग्रीक 'इसोस' म्हणजे सारखा आणि 'मेरोस' म्हणजे भाग यांवरून. मराठी विश्वकोशानं 'समघटकता' लिहिलं आणि काम झालं. हिंदीतला 'समावयवी' उचलून आणायचं काहीच कारण नाही.

त्याआधी एक वाक्य निकालात काढायला हवं, कारण ते ऐकून माझे कान किटले आहेत: "हा रेणू एनँशिओमर आहे." मुलं म्हणतात, शिकवणारे म्हणतात, छापील गाइडांतही सापडतं. अहो, कुणाचा एनँशिओमर? "कुलकर्णी साडू आहेत" एवढं सांगून कुणी थांबतं का? कुणाचे साडू, हे आलंच पाहिजे. एनँशिओमर आणि डायास्टिरिओमर ही नात्याची नावं आहेत, त्यांना दोन रेणू लागतात. कायरल (आरशातल्या प्रतिमेवर न बसणारा), अकायरल (बसणारा), मेसो (कायरल कार्बन असूनही बसणारा) हे एकेकट्या रेणूचे गुण. नातं आणि गुण यांची खिचडी झाली की पुढचं सगळं बिघडतं.

चिंचेतलं टार्टारिक आम्लच घ्या. त्यात दोन कायरल कार्बन आहेत, म्हणजे चार वेगवेगळे गट जोडलेले. अशा कार्बनभोवती गटांची मांडणी दोन प्रकारे होते, एकीला 'आर' म्हणतात, दुसरीला 'एस'. चिंचेत ते दोन्ही 'आर' असतात. दोन्ही 'एस' असलेला रेणू हा त्याचा एनँशिओमर. एक 'आर' आणि एक 'एस' असलेला तिसरा रेणू म्हणजे मेसो. हा मेसो पहिल्या दोघांचाही डायास्टिरिओमर लागतो, पण एनँशिओमर मात्र कुणाचाच लागत नाही. म्हणजे चिंचेतलं तेच आम्ल एकाच वेळी एकाचं एनँशिओमर आणि दुसऱ्याचं डायास्टिरिओमर आहे. "हा रेणू अमुक आहे" म्हणणाऱ्यांनी यातलं कोणतं नाव त्याच्या कपाळी लिहायचं?

आता 'प्रतिबिंब समघटक'. बऱ्याच शब्दसंग्रहकारांना हा शब्द प्रिय आहे. मला तो मान्य नाही. प्रतिबिंब कुणाला नसतं? पाण्याच्या रेणूला आहे, मिथेनला आहे, वर सांगितलेल्या मेसोलाही आहे. त्यांचं प्रतिबिंब उचलून मूळ रेणूवर ठेवलं तर तंतोतंत बसतं, एवढंच. एनँशिओमरमध्ये खरी गोम आहे ती न बसण्यात. 'प्रतिबिंब' म्हटलं की तीच गळून पडते आणि मुलं मेसोची दोन चित्रं काढून त्यांना बेधडक एनँशिओमर म्हणतात. एक 'आर-एस' आणि एक 'एस-आर' अशी नावं दिली की त्यांना ते दोन रेणू वाटतात. कागद १८० अंशांत फिरवा, दोन्ही एकच निघतात. पारिभाषिक शब्दानं विद्यार्थ्याला सावध करायचं असतं, झोपवायचं नसतं.

न बसण्याचा हा गुण नेमका पकडला ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिननं. आरशातल्या प्रतिमेशी जी आकृती जुळवता येत नाही तिला मी कायरल म्हणतो, असं त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सांगितलं आणि शब्द घेतला ग्रीक 'खेइर'वरून, म्हणजे हात. (काही क्लासांत 'चिरल' म्हणतात. चिरण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.) मला या सगळ्या परिभाषेत अत्यंत आवडती जागा आहे ती हीच. कारण हा 'खेइर' आपल्या घरातला आहे. भाषाशास्त्रज्ञ तो ज्या मूळ धातूपर्यंत नेतात त्याच धातूपासून संस्कृत 'हस्त' आला, प्राकृतात त्याचा 'हत्थ' झाला आणि मराठीत 'हात'. सोंडेला हात मानून ज्याला 'हस्तिन्' म्हटलं तो हत्तीही त्याच कुळातला. पलीकडे अवेस्तात 'झस्त', जुन्या फारसीत 'दस्त'. तिथून 'दस्तऐवज' आला आणि त्याचा आखूड 'दस्त' होऊन आपल्या निबंधक कार्यालयात बसला. मुंबईत फ्लॅट घेणारा माणूस दस्त नोंदवायला रांगेत उभा राहतो तेव्हा तो केल्व्हिनच्या 'कायरल'चाच चुलतभाऊ उच्चारत असतो. ग्रीक, फारसी आणि संस्कृत अशा तिन्ही वाटांनी एकच हात मराठीत पोचला आहे!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कायरल हा शब्द मुळातच हाताचा आहे, तर मराठीतही हातच धरावा. कायरलला 'हस्तभेदी' म्हणा आणि ज्यांचं नातं एनँशिओमरचं आहे त्यांना एकमेकांचे 'प्रतिहस्त' म्हणा. 'प्रतिहस्त' ऐकलं की डोळ्यांपुढे डावा-उजवा तळहात येतो, आणि डाव्यावर उजवा पालथा न घालता ठेवून पाहिला की अंगठे विरुद्ध दिशांना जातात हे कुणालाही जागच्या जागी तपासता येतं. शिवाय 'प्रति'मुळे "कुणाचा?" हा प्रश्न शब्दातच येऊन बसतो. संस्कृतज्ञ म्हणतील की 'प्रतिहस्त' म्हणजे बदली माणूस, प्रतिनिधी. तो अर्थ कोशात आहे हे खरं, पण आजच्या मराठीत कोण वापरतं? कोशातल्या निजलेल्या अर्थापायी जिवंत शब्दाची वाट अडवणं मला पटत नाही.

आणि मराठीत हा विचार आधीपासून आहे. पंक्तीत डावंउजवं केलं, असं आपण म्हणतो. शरीर तेच करतं. मंडईतून पुदिन्याची जुडी आणा आणि वाण्याकडून थोडी बाळंतशेप. आधी पान चुरगळून हुंगा, मग शेपेचे दाणे बोटांत रगडून हुंगा. दोन्हींच्या वासात कार्व्होन नावाचं संयुग आहे; अणू तेच, जोडणी तीच. पुदिन्यात त्याचं 'आर' रूप, शेपेत 'एस' रूप, आणि ही दोन्ही एकमेकांची प्रतिहस्त. उकळणबिंदू सारखा, घनता सारखी, पण नाक दोघांना लगेच वेगळं ओळखतं, कारण वास घेणारी नाकातली प्रथिनं स्वतःच हस्तभेदी असतात. इथेच आणखी एक गैरसमज खोडून टाकावा: 'आर' म्हणजे ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवणारा, असं नाही. पुदिन्यातला 'आर' कार्व्होन डावीकडे वळवतो. चिंचेतलं 'आर-आर' आम्ल उजवीकडे वळवतं. 'आर' आणि 'एस' ठरतात कार्बनभोवतीच्या गटांच्या अग्रक्रमावरून, उजवं-डावं वळण ठरतं उपकरणात मोजून.

'रेसमिक' आणि 'मेसो' हेही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, कारण दोन्हींनी प्रकाश वळत नाही. रेसमिक हे मिश्रण आहे, दोन प्रतिहस्त निम्मे-निम्मे. मेसो हा एकच रेणू. लॅटिनमध्ये 'रासेमुस' म्हणजे द्राक्षांचा घड, कारण टार्टारिक आम्लाचं असं मिश्रण द्राक्षाच्या दारूच्या साक्यात सापडलं. आणि 'मेसोस' तर आपल्या 'मध्य'चा सख्खा भाऊ. रेसमिक वेगळं करता येतं. पाश्चरनं १८४८मध्ये त्याच आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक चिमट्यानं वेचून डावे-उजवे दोन ढीग केले. हे जमतं ते साधारण २७ अंश सेल्सिअसच्या खाली. त्याहून जास्त तापमानात दोन्ही रूपं एकाच स्फटिकात गुंतून बसतात. पाश्चर पॅरिसऐवजी परळला मे महिन्यात बसला असता तर वेचायला काही मिळालं नसतं. मेसोमधून मात्र कितीही थंडीत काही वेगळं निघणार नाही, कारण तिथे दोन काही नाहीतच.

डायास्टिरिओमरचं राहिलं. त्याला मराठी शब्द घडवायच्या भानगडीत पडू नका, तसाच ठेवा. हे उरलेल्यांचं नाव आहे: जोडणी सारखी, अवकाशातली मांडणी वेगळी, पण एकमेकांचे प्रतिहस्त नाहीत, असे सगळे यात येतात. 'अप्रतिबिंबी' वगैरे नकारार्थी शब्द लांबलचक होतात आणि वर सांगितलेला घोळ पुन्हा आत घेतात. मुलांना क्रम द्या. दोन रेणूंची जोडणी सारखी आहे का? नसेल तर ते रचना समघटक, विषय संपला. असेल तर एक दुसऱ्यावर तंतोतंत बसतो का? बसला तर रेणू एकच. बसत नसेल तर एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यावर बसतं का? बसलं तर एनँशिओमर, नाही बसलं तर डायास्टिरिओमर. 'आर-एस' लिहून झालं असेल तर सगळी केंद्रं उलटली की एनँशिओमर, त्यांतली फक्त काही उलटली की डायास्टिरिओमर; एफेड्रिन आणि सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन यांच्यात दोनपैकी एकच केंद्र उलटं असतं. फक्त सगळी केंद्रं उलटली तरी मेसो आहे का ते आधी पाहायचं.

आणि टिपणात एक गोष्ट जरूर घाला. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लं हीसुद्धा एकमेकांची डायास्टिरिओमर आहेत. त्यांत एकही कायरल कार्बन नाही, म्हणून क्लासांत त्यांना 'भौमितिक' असा वेगळा खण देतात आणि डायास्टिरिओमरच्या खणाला हात लावू देत नाहीत. व्याख्येत कायरल कार्बनचा उल्लेखच नाही. एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यावर बसत नाही, एवढं पुरे आहे. मॅलेइक तापवलं की सहज पाणी सोडतं, फ्युमॅरिक तितक्या सहज सोडत नाही, कारण त्याचे दोन आम्लगट दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना असतात.