गेममधला स्कोअर वाढतो पण चार्टवरच्या ओळी वाढत नाहीत, यावर रिसर्च करता येईल का?

बी.ऑप्टोमच्या (डोळे तपासणीच्या डिग्रीच्या) तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं पत्र आलंय. तिच्या हॉस्पिटलमधल्या पोस्टिंगमध्ये आळशी डोळ्याच्या (लहानपणी मेंदूत नजर नीट न घडल्याने एका डोळ्याला कमी दिसणाऱ्या) मुलांना कॉम्प्युटरवर तिरप्या रेघा ओळखायचा सराव देतात, काही मुलांचा त्यातला स्कोअर भराभर वाढतो पण डोळे तपासायचा अक्षरांचा चार्ट वाचताना तेवढा फरक पडत नाही. असं का होतं, यात पुढे शिकता येईल का, आणि घरचे म्हणतायत डिग्री झाली की ऑप्टिकलच्या दुकानात लाग, त्याचं काय करू, असं ती विचारतेय.

अगं, तुला पोस्टिंगमध्ये जे दिसलं त्यावर जगभर पस्तीस-चाळीस वर्षं काम चाललंय. 1991 मध्ये इस्रायलच्या कार्नी आणि सागी यांनी मोठ्या माणसांना रेघांच्या जाळीतला वेगळा तुकडा ओळखायला शिकवलं, लोक छान सुधारले, पण तुकडा नजरेच्या दुसऱ्या भागात दाखवला की सुधारणा गायब, आणि एकाच डोळ्याने सराव केला असेल तर दुसऱ्या डोळ्याला त्याचा फारसा उपयोगच नाही. मग 1997 मध्ये अहिसार आणि हॉखस्टाइन यांनी दाखवलं की सराव सोपा असेल तर शिकलेलं नव्या जागी, नव्या कोनालाही लागू पडतं, अवघड असेल तर तिथेच अडकतं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते 2008 चं बीजिंगच्या काँग यू यांच्या टीमचं काम. त्यांनी नजरेच्या एका जागी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदातला फरक) ओळखायचा सराव दिला आणि दुसऱ्या जागी भलताच, म्हणजे रेघेचा कोन ओळखायचा, तर कॉन्ट्रास्टचं शिकणं त्या दुसऱ्या जागी पूर्ण पोचलं! म्हणजे डोळा तोच, मेंदू तोच, फक्त सराव कसा रचला त्यावर सगळं फिरलं.

पण एवढ्यावर निकाल लावू नकोस, कारण 2009 मध्ये जेटर, डोशर, लू वगैरे मंडळींनी दाखवलं की सरावात किती बारीक फरक ओळखायचा होता यापेक्षा नंतरची टेस्ट किती बारकावा मागते त्यावर जास्त ठरतं, आणि 2010 मध्ये त्यांनीच दाखवलं की सराव जितका लांबवाल तितकं शिकणं त्या सरावापुरतं होत जातं. तुझ्या मुलांकडे आता या नजरेने बघ: रेघा रोज एकाच जागी येतात का, अवघडपणा कसा वाढवतात, किती आठवडे तेच चालतं, आणि चार्टवर तर अक्षरं शेजारीशेजारी असतात, आळशी डोळ्याला ती गर्दीच नडते, एकटी रेघ ओळखण्यात ती गर्दी नसतेच. शिवाय ही मुलं चष्माही लावतात, चांगल्या डोळ्यावर पट्टीही लावतात, मग सुधारणा कशाने झाली ते तुलनेचा गट असल्याशिवाय कळत नाही. (स्वतःच्या मनाने कुणाचा सराव मात्र बदलू नकोस, सरांना विचारूनच.)

शिक्षणाचं म्हणशील तर माझं स्पष्ट मत, क्लिनिक सोडू नकोस. इंटर्नशिप पूर्ण कर, जमलं तर चेन्नईच्या शंकर नेत्रालयात किंवा हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, तिथे पेशंटही बघायला मिळतील आणि रिसर्चही. नंतर मास्टर्स ऑप्टोमेट्रीत कर किंवा कॉग्निटिव्ह सायन्समध्ये (मन आणि मेंदू कसं काम करतात त्याचं शास्त्र), आयआयटी गांधीनगर, हैदराबाद विद्यापीठ, अलाहाबाद विद्यापीठ इथे कोर्स आहेत, पात्रता त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घे. बंगळुरूच्या आयआयएससीत एस. पी. अरुण यांची दृष्टीवरची लॅब आहे, त्यांचे पेपर आत्तापासून वाच. आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक, खरंच शीक, त्यावर चालणारं, असे प्रयोग बनवायचं सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात तिरप्या रेघेचा साधा प्रयोग स्वतः बनव आणि मैत्रिणींवर चालवून बघ. लॅबला मेल टाकताना ते सोबत जोड, नुसत्या मार्कांपेक्षा त्याने जास्त लक्ष जाईल. स्टॅटिस्टिक्स टाळू नकोस, तिथेच बरेच जण मागे पडतात.

घरच्यांना पैशाची काळजी असणार आणि ती बरोबरच आहे. त्यांना सांग की जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, वर घरभाडं. मास्टर्सच्या दोन वर्षांचा खर्च आहे, त्यासाठी इंटर्नशिपनंतर वर्षभर नोकरी केलीस तरी काही बिघडत नाही, फक्त ती दुकानापेक्षा व्हिजन थेरपी (नजरेच्या सरावाचे उपचार) चालते अशा हॉस्पिटलमध्ये बघ.