फ्रान्समध्ये आई-बाबांना घेऊन नदीकाठचं एखादं जुनं गाव बघायचं असेल तर कुठलं बघावं?

तुम्ही लिहिलंय की पॅरिस झाल्यावर ३ दिवस हातात आहेत, शहर आता पुरे, जुनं गाव आणि आजूबाजूचा मुलूख निवांत बघायचाय. मी डोळे झाकून सांगेन, सँ-सिर्क-लापोपीला जा. फ्रान्सच्या नैऋत्येला लॉत नावाची नदी आहे, तिच्या काठच्या कड्यावर, पाण्यापासून जवळजवळ १०० मीटर उंच बसलेलं हे गाव. मी कामानिमित्त साडेतीन वर्षं तुलूझला होतो, तेव्हा ३ वेळा गेलो, त्यातली एक खेप आई-बाबांना घेऊन, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक लोक काय करतात, सकाळी ११ ला गाडीने वरच्या पार्किंगला येतात, गल्ल्यांतून फिरतात, फोटो काढतात, आईस्क्रीम खातात आणि ४ ला परत. मी पण पहिल्यांदा असंच केलं आणि गाव सुंदर आहे एवढंच कळलं. खरं गाव कळलं दुसऱ्या खेपेला, जेव्हा खालून नदीच्या काठाने चालत आलो. तुम्हाला जमत असेल तर तसंच या.

बुझिएस नावाचं छोटं गाव आहे अलीकडे, तिथून नदीकाठाने ४-५ किलोमीटरची पायवाट आहे. पूर्वी मालाच्या होड्या प्रवाहाच्या उलट वर न्यायच्या तर काठावरून दोर लावून ओढायला लागायच्या, पण इथे कडा सरळ पाण्यातच उतरलेला, काठच नाही. मग १८४० च्या दशकात त्यांनी कड्याच्या पोटातच रस्ता कोरून काढला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दगड आणि डोक्यावर पण दगडच, अर्ध्या बोगद्यासारखं. बाबा तेव्हा ६८ चे होते, ते आरामात चालले, मध्येच थांबून हाताने दगडावरचे छिन्नीचे घाव चाचपत होते आणि म्हणाले हे सगळं माणसांनी हातानं केलंय रे. पुढे त्याच भिंतीवर डॅनिएल मोनिए या शिल्पकाराने शंख, मासे असं बरंच काय काय कोरलंय, ते लांबच्या लांब पसरलंय, तिथे नक्की थांबा. आईचे गुडघे दुखतात म्हणून बायकोने तिला गाडीने वर नेलं आणि आम्ही दोघं चालत गेलो, तुम्हालाही असं वाटून घेता येईल. फक्त निघायच्या आधी पर्यटन कार्यालयात वाट चालू आहे ना ते विचारून घ्या, कड्याखालची वाट आहे शेवटी.

नदीकडून आलात की वरच्या एकेका गोष्टीचा उलगडा होतो. गावात खालच्या मजल्यांना मोठ्या दगडी कमानी दिसतात, ती दुकानं. इथे लाकूड कातणारे कारागीर होते, ते वाइनच्या पिंपांना लागणाऱ्या तोट्या बॉक्सवुडच्या कठीण पिवळसर लाकडातून बनवायचे. का तर जवळच्या काओर शहराकडची वाइन पिंपांतून ह्याच नदीने बोर्दो बंदराकडे जायची! मी तशी एक तोटी हातात घेऊन बघितली, वीतभर लांबीची, इतकी गुळगुळीत की वाटतं रोज कोणीतरी तूप लावतंय. मग रेल्वे आली, होड्या बंद पडल्या, तोट्याही गेल्या, गाव रिकामं होत गेलं, आणि त्या रिकाम्या घरांत पुढे चित्रकार आणि लेखक येऊन राहिले. आंद्रे ब्रतों, अतिवास्तववादाचा (स्वप्नांसारखं लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्या कलाचळवळीचा) प्रणेता, त्याने १९५१ मध्ये जे घर घेतलं ती पूर्वीची होडीवाल्यांची खानावळ होती. आज गावात कायमची राहणारी माणसं जेमतेम २०० च्या आसपास असतील.

दुसरा दिवस पेश मेर्ल या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेसाठी ठेवा, गाडीने २० मिनिटांच्या आत. १९२२ मध्ये तिथल्याच काब्रेरे गावातल्या दोन मुलांना ती सापडली. अशाच चित्रांची प्रसिद्ध लास्को गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे, तिथे प्रतिकृती दाखवतात, इथे मात्र आपण अस्सल चित्रांसमोर उभे राहतो. म्हणूनच दिवसाला ७०० च माणसं सोडतात, तेव्हा बुकिंग आधी करा, पॅरिसमध्ये असतानाच करून टाका. आत फोटो काढता येत नाहीत आणि थंडी असते, आईला शाल द्या. ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, साधारण २९,००० वर्षांपूर्वीचे, उजवीकडच्या घोड्याचं डोकं तर खडकाच्या मूळ आकारातच बसवलंय. आणि भोवती हातांचे ठसे, म्हणजे हात भिंतीवर ठेवून वरून रंग फुंकलेला, त्यामुळे हात रिकामा राहिलाय आणि कडेने काळं. आई एकदम गप्प झाली, मग हळूच म्हणाली, अगं बाई, आपण दारावर कुंकवाचे हात उठवतो तसंच की गं हे. बायको आणि ती दोघी तिथेच थांबल्या, गाइड पुढे गेली तरी. (ह्याच गुहेत १९५२ मध्ये त्या ब्रतोंने चित्र खरं की खोटं बघायला बोट लावलं आणि पुढे कोर्टात दंड झाला, तेव्हा हात खिशात ठेवा.)

गुहेवरचा मुलूख म्हणजे चुनखडीचं पठार, खुरटे ओक, चुना-मातीशिवाय नुसत्या दगडांनी रचलेले गडगे, मेंढ्या. कोकणातल्या सड्यावर चालल्यासारखं वाटतं, फक्त दगड पांढरा. पाऊस पडला की पाणी जमिनीत गडप होतं, म्हणून वर सगळं कोरडं आणि खाली नदीकाठी हिरवंगार. रात्री इथलं आकाश फ्रान्समधल्या सगळ्यात काळ्या आकाशांपैकी एक, आम्ही ११ ला गाडी थांबवून दिवे बंद केले तर आकाशगंगा सरळ दिसत होती.

खायचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर तयारीने जा, सगळीकडे बदक. आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं, काओरला बुधवारी आणि शनिवारी सकाळी कॅथेड्रलसमोर बाजार भरतो, तिथून भाजी, अक्रोड आणि रोकामादूरचं छोटं गोल बकरीचं चीज घेतलं, आईने ते चक्क भाकरीसोबत खाल्लं, पीठ बरोबर आणलं होतं. जेवणाची वेळ १२ ते २, आम्ही एकदा अडीचला पोचलो तर कुठेच काही मिळालं नाही, बिस्किटांवर भागवलं. दुकानात शिरताना आधी बोंजूर म्हणा, मग बघा माणसं कशी बोलतात.

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून काओरला थेट गाडी आहे, ५ तासांहून जास्त लागतात. पुढे फिजाककडे जाणारी बस नदीपलीकडच्या तूर-द-फोर गावात थांबते, तिथून पूल ओलांडून चढ चढायचा, पण आई-बाबांबरोबर असाल तर काओरलाच गाडी भाड्याने घ्या. मे-जून किंवा सप्टेंबर बघा, जुलै-ऑगस्ट नको, हिवाळ्यात अर्धं गाव बंद असतं.

आणि रात्री गावातच मुक्काम करा, निदान एक. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, दिवसाचे लोक निघून गेलेले असतात, जुन्या किल्ल्याच्या जागेवर त्या टोकाच्या खडकावर जाऊन बसा, खाली नदीचं वळण आणि पलीकडची शेतं दिसतात. आम्ही चौघं तिथे तासभर बसलो होतो, बाबा फक्त एवढंच विचारत होते की होड्या कुठल्या बाजूने यायच्या.