विचारा की! : गाळाचा कण आणि नॅनचा घोळ

प्रश्न : सर, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला हाय. मलप्रभेच्या पावसाळी पाण्यातला गाळ खाली कसा बसतोय त्याचं पायथनमध्ये सिम्युलेशन करूलालोय. कण 10 मायक्रॉनचा, टाइम स्टेप (हिशोब किती किती वेळानं पुढं न्यायचा ते) 1 मिलिसेकंद, साधी ऑयलर मेथड (आत्ताच्या वेगावरनं पुढचा काढायची). रन केलं की कणाचा वेग एकदा वर एकदा खाली उड्या मारतोय आणि शेवटी स्क्रीनवर नुस्तं नॅन नॅन (म्हणजे ‘हा आकडाच नाही’). दोस्त म्हणतोय लॅपटॉप बदल. खरंच बदलू काय?
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : लॅपटॉपला हात लावू नको, घरच्यांचे पैसे वाचव. तुझी इक्वेशन पण बरोबर असणार, घोळ टाइम स्टेपचा आहे. एवढ्या बारक्या कणाला पाणी इतकं घट्ट धरतं की त्याचा वेग पाण्याच्या वेगाशी जुळायला लागणारा वेळ, म्हणजे कणाची घनता गुणिले व्यासाचा वर्ग भागिले 18 पट व्हिस्कॉसिटी (पाण्याचा चिकटपणा), वाळूची घनता घनमीटरला 2650 किलो धरून बघ, फक्त 15 मायक्रोसेकंद येतो. साध्या ऑयलरला टाइम स्टेप याच्या दुपटीपेक्षा कमी लागते, म्हणजे 30 मायक्रोसेकंदाच्या आत. तू दिलास 1 मिलिसेकंद, मग प्रत्येक स्टेपला चूक साधारण 67 पट होते आणि चिन्ह पण उलटं होतं, म्हणून त्या उड्या. पावणेदोनशे स्टेप्सच्या आसपास आकडा कंप्युटरच्या हाताबाहेर जातो.

आता म्हणशील स्टेप बारीक करतो. कर, पण आधी हिशोब बघ. स्टोक्सच्या 1851 च्या नियमानं हा कण सेकंदाला 0.09 मिलिमीटर खाली जातो, थांबलेल्या पाण्यात एक मीटर उतरायला तीन तास लागतात, आणि 30 मायक्रोसेकंदानं तीन तास म्हणजे 36 कोटी स्टेप्स, ते पण एका कणाला! तुमच्याकडच्या कुंभारकामाच्या मातीतला 2 मायक्रॉनचा कण घेतलास तर वेग आणखी 25 पट कमी, तीन दिवस उलटून जातील. (खऱ्या पाण्यात माती गोळा होऊन लवकर बसते, तुरटी टाकतात ती त्यासाठीच, पण तुझ्या मॉडेलमधे ते नाही.)

खरं सांगू का, तुला त्या 15 मायक्रोसेकंदात काय होतं ते हवंच नाही, मग त्याच्या मागं कशाला लागायचं? कणाचा वेग म्हणजे त्या जागी पाण्याचा वेग अधिक खाली बसण्याचा वेग, एवढंच लिही आणि इनर्शिया (कणाचं जडत्व) सोडून दे. मग स्टेप पाणी किती लवकर बदलतं त्यावर ठरव, एका स्टेपमध्ये कण ग्रिडचा (हिशोबासाठी पाण्याचे पाडलेले चौकोन) खाना ओलांडून जाऊ नये एवढं बघ. गाईड इनर्शिया ठेवच म्हणाले तर इम्प्लिसिट ऑयलर (हिशोबात पुढच्या स्टेपचाच वेग धरणारी पद्धत) वापर, स्टेप मोठी असली तरी फुटत नाही. आणि हे सगळं बारक्या कणाला. 1 मिलिमीटरच्या वाळूला स्टोक्सचा नियम चालत नाही, तिथं ड्रॅगला (पाण्याच्या रोधाला) करेक्शन लागतं.

प्रश्न : 1 मायक्रॉनच्या कणांची ब्राउनियन हालचाल (पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी वेडीवाकडी हालचाल) काढतोय. टाइम स्टेप निम्मी केली की तेवढ्याच वेळात कण कमी पसरतात, असं कसं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : रँडम धक्क्याला टाइम स्टेपनं गुणलंय तुम्ही. तिथं वर्गमूळ पाहिजे: 2 गुणिले डिफ्युजन (कण किती पटकन पसरतात तो गुणांक) गुणिले टाइम स्टेप, त्याचं रूट, आणि त्याला नॉर्मल रँडम नंबरनं गुणा. चेक करायला आईन्स्टाईनचं 1905 चं सूत्र आहेच, साध्या पाण्यात हा कण एका दिशेला सेकंदात एक मायक्रॉनच्या जवळपास सरकतो (सरकण्याच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्या, साधी सरासरी शून्यच येईल). स्टेप कितीही घ्या, हजारभर कण सोडून एवढंच आलं पाहिजे.